लेकाला भेटायला पोर्तुगालला जाताना

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचा थोरला मुलगा पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. त्याच्याकडे तिथे राहण्याचे रीतसर कार्ड आहे. एके दिवशी तो फोनवर म्हणाला, "आई, एकदा येऊन माझं घर बघून जा." मावशींचा आनंद पोटात मावेना. पण बातमी फुटली आणि चार दिवसांत एक एजंट दारात हजर झाला. म्हणाला, "दोन लाख द्या. तुमचा व्हिसा करतो आणि धाकट्यालाही तुमच्यासोबत फिरण्याच्या व्हिसावर पाठवतो. एकदा आत गेला की काम मिळतं, कागद मागाहून होतात."

मावशी आमच्याकडे आल्या त्या हा प्रश्न घेऊनच : "गळ्यातलं मोडू का?" त्यांना जे सांगितले तेच वाचक माता-भगिनींना आणि बांधवांना सांगत आहोत.

बंद झालेली वाट

एजंटाचे बोलणे पूर्णपणे बनावट नव्हते, म्हणूनच ते धोक्याचे होते. पोर्तुगालमध्ये काही वर्षे अशी सोय होती की देशात रीतसर आलेला माणूस कामाला लागून कर भरू लागला, की तो नंतर राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करू शकत असे. या सोयीने पुष्कळ भारतीय तिथे स्थिरावले. पण ३ जून २०२४ रोजी सरकारने ती नव्या अर्जदारांसाठी बंद केली. आता कामासाठी जायचे तर कामाचा व्हिसा इथूनच घेऊन जावा लागतो. फिरण्याच्या व्हिसावर गेलेला तरुण मुदत संपताच बेकायदा ठरतो. मग मालक देईल तेवढ्या पगारावर राबायचे आणि पोलीस दिसला की रस्ता बदलायचा. एजंट मात्र तीच जुनी वाट आजही विकत बसले आहेत.

भेटीचा व्हिसा कसा असतो?

पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोकाचा, अटलांटिक महासागराच्या काठचा देश. तो शेंगेन गटात आहे. या गटात २०२५ मध्ये २९ देश होते आणि भेटीचा एकच व्हिसा साधारणपणे सगळीकडे चालतो. मात्र जिथे जास्त दिवस राहायचे, त्या देशाकडेच अर्ज करायचा. भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा आधी काढावाच लागतो. विमानतळावर उतरून मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. म्हणजे १ मे रोजी पोहोचलेल्या आईने २९ जुलैला परत निघाले पाहिजे. मात्र व्हिसाच्या चिकटपत्रावर दिवस कमी लिहिले असतील तर तेवढेच खरे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात करण्याची पद्धत सुरू झाली आहे. "चार दिवस जास्त राहिलं तर कोण बघतो?" असे आता म्हणता येणार नाही.

कागदांची पिशवी

पहिला कागद पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. आपल्या बायाबापड्यांची अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. अर्जाआधी ही नावे एकसारखी करून घ्या. मुलाच्या जन्मदाखल्यावरचे आईचे नावही जुळले पाहिजे, कारण नाते त्यावरूनच सिद्ध होते.

दुसरा कागद आजारपणाच्या विम्याचा. तो निदान ३०,००० युरोंचा असावा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा.

तिसरा भाग पैशांचा. पोर्तुगालच्या नियमाप्रमाणे प्रवेशाचे ७५ युरो आणि रोजचे ४० युरो एवढी ऐपत दाखवावी लागते. तीस दिवसांचा हिशेब १,२७५ युरो होतो. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम सव्वा लाखाच्या वर जाते. पण घाबरू नका. तिथे कायदेशीर राहणारा मुलगा आईच्या राहण्या-जेवणाची आणि परतीची जबाबदारी लेखी घेऊ शकतो. त्या जबाबदारीपत्रासोबत त्याच्या राहण्याच्या कार्डाची नक्कल, पगाराचे कागद आणि घराचा पुरावा जोडावा.

चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा : आपण परत येणार याचा पुरावा. पेन्शनचे कागद, नोकरीत असल्यास रजेचे पत्र, घरपट्टीची पावती, इथे असलेले कुटुंब. बँकेचे उतारे खरे द्या. उसने पैसे आणून खात्यात एकदम मोठी रक्कम भरली की तपासणाऱ्याला संशय येतो. थोडी पण नियमित पेन्शन त्याहून बरी दिसते.

अर्ज, फी आणि तिकीट

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलाच पाहिजे, पण शहाण्याने दोन महिने हाती ठेवावेत. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो. कागद तपासायचे राहिले तर ४५ दिवसही लागतात. ठसे देण्यासाठी स्वतः केंद्रावर जावे लागते. ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५ युरो आहे आणि त्याहून लहानांना माफ आहे. केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. नाकारण्याचे कारण मात्र लेखी मिळते आणि त्यावर दाद मागता येते. नियम व रकमा बदलतात, म्हणून भरण्याआधी दूतावासाच्या अधिकृत माहितीशी ताडून पाहा. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका.

मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूल येथे विमान बदलून लिस्बन गाठता येते. दोन्ही टप्प्यांचे तिकीट एकत्रच काढा, म्हणजे सामान मध्ये उचलावे लागत नाही आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनी करते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून गेलात तर शेंगेनची तपासणी तिथेच होते. म्हणून जबाबदारीपत्र, विमा, परतीचे तिकीट आणि मुलाचा पत्ता हातातल्या पिशवीत ठेवा. अधिकाऱ्याने विचारले तर सरळ सांगा : मुलाकडे आले आहे, अमुक तारखेला परत जाणार.

लिस्बनच्या विमानतळावरूनच मेट्रो मिळते. पोर्तो शहर रेल्वेने सुमारे तीन तासांवर आहे. ६५ वर्षांवरील प्रवाशांना सरकारी रेल्वेत अर्धे तिकीट पडते; वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा.

सवड असेल तर पेनिश या समुद्रकाठच्या गावी बसने जाऊन यावे. लिस्बनहून सुमारे दीड तास लागतो. तिथल्या किल्ल्यात हुकूमशाहीच्या काळातला तुरुंग होता. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांना १९४६ च्या चळवळीनंतर सातासमुद्रापलीकडे याच किल्ल्यात डांबले होते. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ती हुकूमशाही संपली. २०२४ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

धाकट्याचे काय?

परदेशी काम करण्याची इच्छा चुकीची नाही. पण आधी मालकाचा लेखी करार, मग कामाचा व्हिसा, मग विमान, हाच क्रम. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारची नोंदणी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत त्याचे नाव आहे का, ते पैसे देण्याआधी तपासा. नाव नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मावशींनी गळ्यातले मोडले नाही. पासपोर्टचा अर्ज धाकट्यानेच बसून भरला. सही करण्याआधी मावशींनी त्याच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली, आणि माहेरचे नाव कुठे लिहायचे ते त्याला बोट ठेवून दाखवले.