नावाचा उच्चार ओळीला विचारावा

शेक्सपिअरच्या ‘हेन्री सहावा’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात सफकच्या ड्यूकला पाण्यामुळे मरण येईल, असे भाकीत केलेले असते. पुढे केंटच्या किनाऱ्यावर तो पकडला जातो आणि त्याला ज्याच्या हवाली करतात तो आपले नाव सांगतो, वॉल्टर. ते ऐकताच सफक हादरतो. आजच्या उच्चारात या भीतीचे कारण सापडत नाही. त्या काळी या नावातला ‘ल’ गळत असे आणि नाव थेट ‘वॉटर’ असे ऐकू येई. सफक घाईघाईने त्या नावाचे फ्रेंच रूप पुढे करतो, जणू उच्चार बदलला की मरण टळेल. त्याच प्रसंगात त्याच्या घराण्याच्या ‘पोल’ या नावावर डबक्याची आणि गटाराची कोटी होते, ती ‘पूल’ म्हटल्याशिवाय कळत नाही. इथे उच्चार कथानकाचाच भाग आहे. नट ‘ल’ ठासून म्हणाला, तर प्रेक्षकाला फक्त एक गोंधळलेला कैदी दिसेल.

अभिजात इंग्रजी नाटकांतल्या नावांवर वाद झाला की लोक शब्दकोश उघडतात, नाहीतर नाव ज्या भाषेतून आले त्या भाषेकडे धाव घेतात. माझ्या मते पहिला अधिकार नाटकातल्या ओळीचा आहे. ओळीतल्या अक्षरांची संख्या आणि आघात नावाची लांबी सांगतात, तर यमक आणि श्लेष त्यातला स्वर सांगतात. ‘लव्हज् लेबर्स लॉस्ट’मधल्या बेरोनचे यमक चंद्रवाचक ‘मून’शी जुळवले आहे, म्हणजे तिथे ‘बेरून’च हवे. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ऑर्लँडो झाडांवर जी कवने टांगतो, त्यांत रोझलिंडचे यमक ‘माइंड’शी जुळते. तेवढ्यापुरती ती ‘रोझलाइंड’ होते आणि त्या कवनांची पुढे होणारी टिंगलही त्याच ओढूनताणून आणलेल्या यमकावर उभी आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की ओळीचे ऐकायचे तर एकाच नावाचे दोन उच्चार होतील. होतीलच, आणि ते व्हायला हवेत. रोमिओ बहुतेक ओळींत दोन अक्षरांत, जवळजवळ ‘रोम्यो’ असा बसतो. नाटकाच्या अखेरच्या ओळीत मात्र तोच तीन अक्षरांचा होऊन यमक पुरे करतो. ‘मॅकबेथ’मध्ये डन्सिनेनचा आघात एरवी पहिल्या अक्षरावर असतो, पण डाकिणींच्या मायेतून आलेल्या भाकितात तो दुसऱ्यावर सरकतो. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ करणारी कविता वाचत आलेल्या मराठी माणसाला यात वावगे वाटू नये. ‘ॲज यू लाइक इट’मधल्याच उदास जेक्सचे उदाहरण तर अतिशय बोलके आहे. पद्यात त्याचे नाव दोन अक्षरांचे लागते. गद्य प्रवेशात विदूषक टचस्टोन ते उच्चारायचेच टाळतो, कारण एका अक्षरात म्हटले की ते शौचकूपाच्या तेव्हाच्या बोली नावासारखे ऐकू येई. जॉन हॅरिंग्टनने 1596 साली शौचकूपावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने एजॅक्स या ग्रीक वीराच्या नावावर हीच कोटी केली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इटालियन नाव इटालियनांसारखेच म्हणावे, त्यातच त्या भाषेचा मान आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. पण ‘टेमिंग ऑफ द श्रू’चा नायक पाहा. मूळ इटालियन नावात ‘च’ आहे. इंग्रज वाचकाने तो ‘च’च म्हणावा म्हणून ते इंग्रजी वळणाने, सी आणि एच या अक्षरांनी लिहिले गेले. पुढे इटालियन वाचनाचे नियम ठाऊक असलेल्यांनी त्याच अक्षरांना ‘क’ मानले आणि ‘पेट्रूकिओ’ रूढ झाले. मूळ भाषेच्या आदरापोटी मूळ उच्चारच हरवला. ‘पेट्रूचिओ’ म्हणणारा नट इटालियनशीही प्रामाणिक राहतो आणि 1623 च्या फोलिओशीही.

तिसरा आक्षेप सवयीचा. सगळेच जुने उच्चार आणले तर आजचा प्रेक्षक परका होईल, हे खरे आहे. लंडनच्या ग्लोब रंगमंदिराने 2004 साली भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मदतीने ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ जुन्या उच्चारांत केले. तो प्रयोग मोलाचा होता, पण प्रत्येक संस्थेने तसेच करावे अशी माझी मागणी नाही. जिथे ओळ, यमक किंवा कोटी अडते, तिथेच जुना उच्चार घ्यावा. बाकी नावे आजच्या बोलण्यातली चालतील. शेरिडन, वाइल्ड यांच्या गद्य सुखात्मिकांत तर अडचण फारशी येतच नाही. वाइल्डच्या 1895 च्या नाटकाचा सारा डोलारा अर्नेस्ट या नावाच्या श्लेषावर आहे, पण तो श्लेष आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

मराठीत हा प्रश्न बराच काळ टळला. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ने आणि देवलांच्या ‘झुंझारराव’ने पात्रांना मराठी नावे दिली. शिरवाडकरांचा ‘ऑथेल्लो’ आणि विंदांचा ‘राजा लिअर’ यांच्यापाशी मात्र नाव नागरीत लिहिणे आणि उच्चार ठरवणे एकच झाले. इंग्रजी छापील नाव आपला उच्चार झाकून ठेवू शकते, नागरीला ती सोय नाही. म्हणून नव्या अनुवादांच्या पात्रपरिचयात नावापुढे उच्चाराची छोटी टीप द्यावी, आणि एखाद्या ओळीत तो बदलत असेल तर तेही तिथेच नोंदवावे. तालमीत नटाला ती शब्दकोशाहून जास्त उपयोगी पडेल.