दरबान बसवा, पण त्याला मराठी-उर्दू समजली पाहिजे

शिष्यवृत्तीचे दिवस आले की शिवाजी पेठेत काय आणि आसपासच्या मोहल्ल्यांत काय, पालकांची एकच धावपळ सुरू होते. आता बऱ्याच शाळा आणि ट्रस्ट आपल्या वेबसाइटवरच फॉर्म भरून घेतात. त्यात मुलाचं नाव, आधार क्रमांक, बँक खातं सगळं असतं. या माहितीची हिफाजत कोण करतो?

धोका लांबचा नाही. जून 2022 मध्ये ठाणे शहर पोलिसांची वेबसाइट हॅक झाली होती. मग आपली छोटी संस्था कशी सुटेल?

यावरचा एक उपाय म्हणजे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आठवा. बाहेरच्या दारातून आत आलं की थेट गडावर जाता येत नाही, मधे बंदिस्त चौक लागतो. फायरवॉल म्हणजे असाच चौक. नावाच्या रकान्यात कुणी नावाऐवजी डेटाबेसला हुकूम देणारी ओळ टाकली, तर ती तिथंच अडते.

अशी सेवा बाहेरच्या कंपनीकडूनही मिळते, पण मग बहुतेक वेळा फॉर्मची माहिती त्यांच्या यंत्रातून जाते. स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर ती आपल्याकडंच राहते. त्यासाठी 'मॉडसिक्युरिटी' हे मोफत सॉफ्टवेअर आणि 'ओवास्प' संस्थेचा 'कोअर रूल सेट' ही मोफत नियमावली पुरते.

उबुंटू आणि अपाचे असलेल्या सर्व्हरवर काम असं चालतं:

1. आधी संपूर्ण साइटचा बॅकअप घ्या.
2. मॉडसिक्युरिटी आणि नियमावली, दोन्ही पॅकेज बसवा. सोबत आलेली 'रेकमेंडेड' नावाची नमुना फाइल मूळ नावानं जतन करा आणि अपाचे पुन्हा सुरू करा.
3. सुरुवातीला 'डिटेक्शन ओन्ली' हाच पर्याय ठेवा. यात फायरवॉल कुणाला अडवत नाही, फक्त नोंद करते.
4. दोन आठवडे नोंदवही वाचा. खरा अर्ज संशयित ठरत असेल, तर त्या फॉर्मपुरता तो एकच नियम वगळा.
5. मगच पर्याय 'ऑन' करा.

घाई केली तर काय होतं, ते नीट समजून घ्या. नियमावलीच्या कडकपणाच्या चार पातळ्या आहेत आणि मुळात पहिली चालू असते. "जास्त कडक म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणून कुणी थेट तिसरी लावली, तर तिथं इंग्रजी कीबोर्डबाहेरचं अक्षरच संशयित ठरवणारा नियम आहे. म्हणजे देवनागरीत किंवा उर्दूत नाव लिहिणारी आई चोर ठरेल आणि तिचा फॉर्म परत जाईल. शेवटच्या तारखेला असं झालं तर मुलाचं वर्षभराचं नुकसान. म्हणून पहिल्या पातळीवरच राहा आणि मराठी, उर्दू, दोन्ही लिपींत फॉर्म भरून बघा.

साधं शेअर्ड होस्टिंग असेल तर हे स्वतः बसवता येत नाही. तिथं होस्टिंगवाल्याला विचारा, "मॉडसिक्युरिटी चालू आहे का?"

आणि दरबान ठेवला म्हणून कुलूप काढायचं नसतं. अपडेट, मजबूत पासवर्ड आणि बॅकअप लागतातच. नोंदवही दर आठवड्याला बघणारा एक माणूसही नेमा. संस्थेच्या पुढच्या मीटिंगमध्ये पालकांनी एवढंच विचारावं: आमच्या मुलांची माहिती कुठं ठेवलीय आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?