फटफटी फटाके का फोडते?

मोटारसायकलला आपल्याकडे फटफटी म्हणतात. फटफट आवाज करते ती फटफटी. हा आवाज एका लयीत चालला, की समजावे गाडी निरोगी आहे.

पण कधी कधी वेगळेच घडते. गाडी वेगात असते. पुढे वळण येते. आपण मूठ सोडतो, आणि मागून ‘फट्, फटाक्’ असे बार निघू लागतात. वाटेवरची माणसे दचकतात. बैल बुजतात. मागे बसलेली म्हातारी देवाचे नाव घेते. पुन्हा मूठ पिळली, की बार बंद!

हे काय गौडबंगाल आहे? गाडी फुटेल काय? पेट घेईल काय? मिस्त्री सांगेल तितके पैसे मोजावे काय? मंडळी, याची उत्तरे अवघड नाहीत. आज दूधवाला, भाजीवाला, मासे विकणारा, सारे गाडीवर पोट भरतात. गाडीचे दुखणे ज्याला कळते त्याचा खाडा वाचतो आणि पैसाही वाचतो.

आमच्या शिवडीतली गोष्ट

मुंबईत शिवडी म्हणून भाग आहे. एका अंगाला बंदर, खाडी आणि चिखल. थंडीच्या दिवसांत या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. दुसऱ्या अंगाला चाळी. कोकणातून आणि घाटावरून आलेली पुष्कळ कुटुंबे इथे राहतात. तुमचाही कोणी भाऊ नाही तर भाचा या बाजूला असेल.

इथे खाडीचा खारा वारा सुटतो. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. गाडीचा सायलेन्सर लोखंडी पत्र्याचा. तो तापतो, निवतो, पावसात भिजतो. मग त्याच्या सांध्याला गंज धरतो आणि बारीक भोके पडतात. समुद्रकाठच्या सगळ्या गावांना हा त्रास आहे.

दुसरी गोष्ट रहदारीची. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. हा पूल सुमारे २२ किलोमीटर लांब आहे. पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. फटफटीवाल्याला उरण-पनवेलकडे जायचे, तर वाशीच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. वाटेत सिग्नल आणि कोंडी. मूठ पिळायची, लगेच सोडायची. बार निघतात ते मूठ सोडताना. म्हणून हा दोष शहरात लवकर कानांवर येतो. गावाकडे तो घाट उतरताना दिसतो. कशेडी किंवा परशुराम घाट उतरताना मूठ सोडलेलीच असते ना!

चुलीचा दाखला

आता कारण समजून घेऊ. त्यासाठी आधी चुलीकडे चला.

चुलीत ओले लाकूड घातले, की ते जळत नाही, नुसते धुमसते. चुलीत धूर कोंडतो. मग घरची बाई फुंकणीने फुंकर घालते. काय होते? धूर एकदम ‘भप्प’ करून पेट घेतो. म्हणजे त्या धुरात जळायचे राहिलेले काही तरी होते. त्याला हवा मिळाली, निखारा मिळाला, आणि ते जळाले.

फटफटीचेही तसेच आहे. इंजिनात जळायचे राहिलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते. तिथे त्याला हवा मिळते. सायलेन्सर तापलेला असतोच. मग ते तिथे भडकते. तोच हा बार. जाळ चुलीत व्हायचा, तो धुराड्यात झाला, इतकेच.

इंजिनाच्या पोटात

आजच्या बहुतेक फटफट्यांचे इंजिन चार टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यात ते हवा आणि पेट्रोल आत ओढते. दुसऱ्यात दोन्ही दाबते. तिसऱ्यात प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण जळते आणि गाडीला जोर मिळतो. चौथ्यात धूर बाहेर ढकलते. या चार टप्प्यांत इंजिनाचे दोन फेरे होतात. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात २००० वेळा पेट्रोल जळते. प्रत्येक वेळी ते नीट जळले पाहिजे.

त्यासाठी हवा आणि पेट्रोल प्रमाणात हवे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल फार कमी पडले, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. फार जास्त झाले, तर अर्धे जळते आणि काळा धूर निघतो.

आपण मूठ सोडतो तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद होते. पण गाडी वेगात असते. मागचे चाक इंजिनाला फिरवीतच राहते. अशा वेळी इंजिनात मिश्रण थोडे येते आणि पातळही येते. त्यातले काही पेटत नाही. ते तसेच सायलेन्सरमध्ये जाते. एरवी ते मुकाट्याने बाहेर पडले असते. पण सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली, तर बार उडतो.

क्वचित एखादा हलका फट् झाला तर घाबरू नये. काही गाड्यांचा तो स्वभावच असतो. पण आवाज नवा असेल, मोठा असेल, रोजच येत असेल, तर तपास करावा.

तपास कसा करावा?

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे होऊ देऊ नका. आधी सोप्या जागा पाहा. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या मागून. गाडी थंड असतानाच हात लावावा. जवळ विडी-काडी पेटवू नये.

पहिली जागा, सायलेन्सरचा सांधा. सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते तिथे पाहा. आसपास काळी काजळी दिसते काय? मग तिथून धूर निसटतो आहे. जिथून धूर बाहेर येतो तिथूनच हवा आत शिरते. खात्री करायची असेल, तर थंड इंजिन चालू करून लगेच सांध्यावर साबणाचे पाणी सोडा. बुडबुडे आले, की दोष सापडला. सांध्याचे नट ढिले असतील, तर इंजिन थंड असताना आवळा. एक नट थोडा, मग दुसरा थोडा, असे आळीपाळीने आवळा. सारा जोर लावू नका, नाही तर आटे जातात. आवळूनही बुडबुडे थांबले नाहीत, तर आतले पॅकिंग बदलावे लागते. पॅकिंग ही लहानशी, स्वस्तातली वस्तू आहे. पुष्कळदा दुखणे इथेच संपते. नळी गंजून भोक पडले असेल, तर जोड लावून घ्यावा.

दुसरी जागा, एअर फिल्टर. इंजिन याच्यातून श्वास घेते. तो धुळीने भरला, तर हवेचे प्रमाण बिघडते. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तरीही बिघडते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तो साफ कसा करावा आणि कधी बदलावा ते दिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. ते पुस्तक पेटीत ठेवू नका, वाचा.

तिसरी जागा, प्लग. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्याचे टोक पाहा. टोक विटकरी, तांबूस असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडते. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होते. टोक तेलकट असेल तर ऑइल वर येत आहे, ते काम मिस्त्रीचे. झिजलेला प्लग बदलावा. नवा घेताना पुस्तकात दिलेल्या नंबरचाच घ्यावा. प्लगची टोपीही पाहावी. ती ढिली असली, तर ठिणगी कधी पडते, कधी चुकते.

चौथी जागा, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर. उन्हाने आणि वयाने त्याला चिरा पडतात. चिरेतून जादा हवा आत जाते. इंजिन संथ चालू ठेवून त्या रबरावर थोडे साधे पाणी शिंपडा. इंजिनाचा आवाज बदलला, तर रबर फुटले आहे. ही परीक्षा पेट्रोल शिंपडून कधीही करू नका. गाडी पेटेल.

पाचवी जागा, हवा सोडणारी झडप. धूर स्वच्छ व्हावा म्हणून काही गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर थोडी ताजी हवा सोडतात. मूठ सोडली, की ही झडप आपोआप बंद व्हायला हवी. तिला एक बारीक रबरी नळी असते. ती निसटली किंवा चिरली, तर झडप उघडीच राहते आणि बार सुरू होतात. नळी नीट बसवणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

मिस्त्रीकडे केव्हा जावे?

एवढे करूनही बार थांबले नाहीत, तर मिस्त्रीकडे जावे. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणून बारीक भोकाचा भाग असतो. मूठ सोडलेली असताना पेट्रोल त्यातून येते. तो कचऱ्याने तुंबला, की पेट्रोल कमी पडते. तो हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार किंवा सुई घातली, तर भोक मोठे होते आणि जेट वाया जातो. तसेच टॅपेट फार घट्ट झाले असतील, तर झडपा नीट मिटत नाहीत. तेही मिस्त्रीने मापाने तपासावे.

भारत स्टेज सहा हा धुराचा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटर नाही. एक लहान संगणक पेट्रोल मोजून सोडतो. अशा गाडीचा सायलेन्सर, फिल्टर आणि प्लग आपण पाहू शकतो. पण मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर कंपनीच्या कारखान्यात न्यावी.

मिस्त्रीला नुसते ‘गाडी बिघडली’ म्हणू नका. बार केव्हा निघतात, गाडी थंड असताना की तापल्यावर, पेट्रोल कुठे भरले, काय काय तपासून झाले, ते सांगा. ज्याला प्रश्न नीट मांडता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

पेट्रोलविषयी थोडे

बाटलीतले सुटे पेट्रोल घेऊ नये. त्यात रॉकेल किंवा पाणी असू शकते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ते उसापासून, मक्यासारख्या धान्यापासून बनते. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि टाकीचे झाकण घट्ट लावावे. जुन्या गाडीची रबरे अधूनमधून तपासावीत.

हे करू नका

काही पोरे मौज म्हणून उतारावर चावी बंद करतात आणि पुन्हा चालू करतात. मोठा बार निघतो, पोरे हसतात. पण त्या वेळात सायलेन्सरमध्ये न जळलेले पेट्रोल साचलेले असते. त्या बाराने सायलेन्सर फाटू शकतो. काही जण सायलेन्सरच बदलून आवाज वाढवतात. आवाज आणि धूर यांचे नियम मोडले, तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तशी दुरुस्ती झाली. आणि दंड नसता, तरी तान्हे मूल, आजारी माणूस आणि दावणीचे जनावर यांना त्रास देण्यात मर्दुमकी कसली?

बार फोडणारी गाडी खळ्याजवळ, गवताच्या गंजीजवळ नेऊ नका. तापलेल्या सायलेन्सरने वाळले गवत पेटू शकते. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाईल.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि जागेवर मरतो. तपासणी नेहमी उघड्यावर करा.

मंडळी, यंत्र हे जनावरासारखेच आहे. बैल लंगडला, तर आपण आधी त्याचा खूर उचलून पाहतो. लगेच बाजारात नेऊन विकत नाही. फटफटीच्या आवाजाकडेही तसेच कान द्या. ती बार काढते, म्हणजे कुठे दुखते ते सांगते. ती जागा शोधा, आणि तुम्हाला कळलेले शेजाऱ्यालाही सांगा.

प्रश्न

१. मूठ सोडल्यावरच बार का निघतात?
२. साबणाच्या पाण्याने काय कळते?
३. प्लगचे टोक पांढरे दिसले, तर काय समजावे?
४. रबराची परीक्षा पेट्रोलने का करू नये?
५. तुमच्या गाडीच्या पुस्तकात प्लगचा नंबर कोणता दिला आहे? शोधून वहीत लिहा.