एक उच्चार, तीन अर्थ

परकी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास व्याकरणाची धास्ती वाटते. परंतु त्याला खरी ठेच लागते ती सोप्या शब्दापाशी. स्पॅनिश भाषेतील 'पापा' हा असाच एक शब्द होय. अक्षरे दोनच, पण अर्थ तीन. आणि तिन्ही अर्थ आमच्या मच्छे गावच्या कुटुंबांना जवळचे आहेत.

'एल पापा' म्हणजे पोपमहोदय. 'ला पापा' म्हणजे बटाटा. आणि शेवटच्या अक्षरावर जोर देऊन 'पापा' म्हटले की झाले बाबा, म्हणजे घरातील वडील. लिहिताना या तिसऱ्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर लहानशी तिरकी रेघ देतात. 'एल' पुल्लिंगी नामाआधी येते, 'ला' स्त्रीलिंगी नामाआधी. एवढ्याशा फरकावर केवढा अर्थ अवलंबून आहे, पाहा!

ही कसली विचित्र भाषा, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्या मराठीकडे पाहावे. 'तो माळ' म्हणजे गुरे चरतात ती मोकळी जमीन. 'ती माळ' म्हणजे सायंकाळी रोझरीच्या वेळी हाती घेतो ती. आपले चार वर्षांचे मूलही यात गोंधळत नाही. कारण त्याने हा शब्द सुटा ऐकलेलाच नसतो. 'गाय माळावर सोडली', 'माळ खुंटीला लाव' अशा वाक्यांतूनच तो त्याच्या कानी पडलेला असतो.

या तीन अर्थांचे कूळही एक नव्हे. बाबा आणि पोप यांचे नाते जुने आहे. ग्रीक भाषेत लेकरू बापाला ज्या शब्दाने हाक मारी, तोच शब्द लॅटिनमध्ये आला. आरंभीच्या शतकांत तो अनेक बिशपांना लावीत. पुढे तो रोमच्या बिशपांपुरता राहिला. बटाट्याचा 'पापा' मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरच्या केचुआ लोकांचा आहे. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी हे पीक रानातून शेतात आणले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तेथे पोचले आणि पिकाबरोबर त्याचे नावही त्यांनी उचलले. रताळ्याचे 'बटाटा' हे नाव कॅरिबियन बेटांवरचे. ते पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले आणि या दुसऱ्याच कंदाला चिकटले. बेळगाव-खानापूर भागात खरिपाचा बटाटा काढताना आपण जो शब्द उच्चारतो, तो इतका दूरचा प्रवासी आहे.

पेरू देशाची राजधानी लिमा येथे १९७१ साली एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या स्पॅनिश नावाच्या शेवटी 'दे ला पापा' असे शब्द आहेत. एकच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी तिला पोपमहोदयांची संस्था समजेल. वास्तविक तेथे बटाट्यावर संशोधन चालते. याच पेरूतील चिक्लायो धर्मप्रांताचे पूर्वीचे बिशप ८ मे २०२५ रोजी पोप चौदावे लिओ म्हणून निवडले गेले आणि त्यांनी त्याच दिवशी तेथील लोकांना स्पॅनिशमध्ये अभिवादन केले. पेरूच्या माणसाला 'एल' आणि 'ला' यांत कधी संभ्रम पडत नाही.

आज फोनवर शब्द लिहिताच अर्थ मिळतो. पण बहुधा एकच, आणि तोही सुटा. स्पॅनिश मुलखात रुग्णसेवेस जाणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीला तेवढ्यावर भागणार नाही. तापाने फणफणलेले मूल 'पापा' म्हणून हाक मारते, तेव्हा त्याला बाप जवळ हवा असतो, बटाटा नव्हे! म्हणून वहीत शब्द उतरवताना त्याचे लिंग, त्याचा जोर आणि किमान एक वाक्य सोबत उतरवावे.

हा धडा स्पॅनिशपुरताच नाही. आपण दोन भाषांच्या शिवेवर राहतो. कानडीत 'तायी' म्हणजे आई. आपली 'ताई' म्हणजे थोरली बहीण. शेजारी बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाला त्याचाच अर्थ द्यावा, आपला लादू नये. एवढे साधले, तर या भागातील कितीतरी तंटे उंबऱ्याबाहेरच राहतील.