पसरणी घाट, जुनी गाडी आणि मागच्या आसनावरची आई

सुट्टी लागली की पुण्या-मुंबईकडची अनेक कुटुंबे घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन पाचगणीची वाट धरतात. सुरूर फाट्यावरून वळून वाई गाठेपर्यंत गाडीतील वातानुकूलन उत्तम चालते. पसरणी घाट लागला की गारवा ओसरतो आणि एखाद्या वळणावर डॅशबोर्डवर दिवा उजळतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल तर हा अनुभव आपणांस नवा नसावा. 'तो दिवा उगाच लागतो, लक्ष देऊ नका,' असे चालवणारा मुलगा सांगतो. मागे पंचाहत्तरीची आई पदराने वारा घेत असते.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा किलोमीटर, परंतु चढ सुमारे ६०० मीटरांचा. वेग कमी आणि इंजिनावरील भार अधिक. वातानुकूलन यंत्रणेने आतली उष्णता बाहेर टाकायची ती पुढच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून. सपाट रस्त्यावर ती जाळी वाऱ्यानेच थंड राहते; घाटात सारी भिस्त पंख्यावर असते. म्हणून सपाटीवर गार आणि घाटात किंवा सिग्नलला कोमट, असे होत असेल तर आधी पंखा तपासून घ्यावा. सगळीकडेच गारवा कमी असेल तर गॅसची शंका घ्यावी. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो गळतो. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे गळती शोधण्याचा आग्रह धरावा. काही गाड्यांत मात्र पूर्ण जोर लावताच कॉम्प्रेसर क्षणभर आपोआप सुटतो. तो बिघाड नव्हे. गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणीही तसेच निरुपद्रवी. ठिबकणारा द्रव रंगीत आणि चिकट असेल तर ते कूलंट होय.

कूलंटच्या जागी साधे पाणी भरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी चार-साडेचार अंश आधीच उकळते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे दाब धरून ठेवते, म्हणून एरवी निभावते. झाकणाचे रबर झिजले की ते संरक्षण संपते. तापमानाचा काटा चढू लागला तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. इंजिनाची उष्णता त्या वाटे बाहेर पडते. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

अडचण अशी की इंजिन वाचवण्याचा हा उपाय मे महिन्याच्या दुपारी आईच्या अंगावर येतो. वयोमानानुसार तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा बीटा ब्लॉकर चालू असतील तर शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती आणखी घटते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि पाणी किती प्यायचे तेही ठरवून घ्यावे. हीटर लावायची वेळ आली तर खिडक्या उघडाव्यात आणि थांबताच वडीलधाऱ्यांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवावे. बोलण्यात असंबद्धता, अंग तापलेले, चालताना तोल जाणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. १०८ क्रमांकावर फोन करावा, रुग्णवाहिका येईपर्यंत अंग ओल्या कापडाने पुसत वारा घालावा. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून बंद गाडीत कोणालाही बसवून ठेवू नये. उन्हात दहा मिनिटांतही आतील तापमान दहा अंशांच्या आसपास वाढू शकते. इन्सुलिनही तेथे ठेवू नये.

घाटात आजींना मळमळले की सर्वजण म्हणतात, घाट लागला. बहुधा तेच असते. परंतु जुन्या गाडीचा धूरमार्ग गळका असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. डोके जड होणे, मळमळ, ग्लानी ही लक्षणे एकाहून अधिक जणांना एकाच वेळी जाणवली, किंवा गाडीबाहेर पडताच ओसरली, तर त्याच गाडीने पुढे जाऊ नये. घाटाच्या वरच्या टप्प्यात खिडकी उघडलेलीच बरी. ज्या हवेसाठी इंग्रजांनी हे ठिकाण वसवले आणि पुढे क्षयरोग्यांची आरोग्यधामे येथे उभी राहिली, ती हवा काचेआड ठेवून वातानुकूलनाचा हट्ट कशासाठी धरावा?

आता दिव्यांविषयी. शेजारच्या आसनावर जड पिशवी ठेवली की काही गाड्यांत सीटबेल्टचा दिवा लागतो. चाकाजवळच्या सेन्सरवर येथला तांबडा चिखल बसला की एबीएसचा दिवा लागू शकतो. बॅटरी अशक्त झाली की तीन-चार दिवे एकदम उजळतात. हे खरे खोटे इशारे. मात्र वळणावर क्षणभर लुकलुकणारा तेलाचा तांबडा दिवा खोटा नसतो: तेल कमी असल्याने चढावर ते एका बाजूला सरकते आणि पंपाला मिळेनासे होते. इंजिन तत्काळ बंद करावे. हँडब्रेक पूर्ण सोडूनही ब्रेकचा दिवा राहिला तर ब्रेक ऑइल घटले असण्याचा संभव असतो. परतीचा घाट उतरण्यापूर्वीच गाडी दाखवावी. तांबडा दिवा थांबण्यासाठी आणि पिवळा लवकर तपासण्यासाठी, एवढे मागे बसणाऱ्यांनाही ठाऊक असावे. दिव्यावर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण पुढचा खरा इशारा त्याच पट्टीखाली झाकला जाईल.

मेकॅनिककडे जाताना दिव्याचे छायाचित्र न्यावे, आणि तो चढावर लागला की उतारावर, गाडी थंड असताना की तापल्यावर, वातानुकूलन चालू होते की बंद, हे कागदावर लिहून द्यावे. हे टिपण्याचे काम मागच्या आसनावरील आजोबांकडे सोपवावे. त्यांची नजर बहुधा आधीपासूनच काट्यावर असते.