मनाई हुकूम आणि घराचा उंबरठा

वर्सोव्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरी खाडी ओलांडून मढच्या जेट्टीला लागते, तेव्हा मध्ये फार तर काही मिनिटे गेलेली असतात. परंतु हाच प्रवास जमिनीवरून करावयाचा झाल्यास मालाड स्थानकापर्यंत जाऊन, तेथे २७१ क्रमांकाची बस धरून, मालवणी, आक्सा आणि एरंगळ मागे टाकीत पुष्कळ वेळाने माणूस त्याच जेट्टीवर येऊन पोहोचते. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला न्यायालय असेच दूर वाटत असते. आपल्यापुढे लांबच लांब रस्ता आहे, तो आपल्याच्याने चालवणार नाही, असे ती मनाशी ठरवून टाकते. आणि पलीकडे नेणारी होडी धक्क्याला लागलेली आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

असे समजू की वर्सोव्याची एक लेक मढच्या कोळीवाड्यात दिली आहे. पहाटे ती मासळीची पाटी घेऊन बाजार गाठते आणि दुपारी परतल्यावर तिच्या कमाईचा पैसा न पैसा हिसकावून घेतला जातो. ती विरोध करते त्या रात्री तिला मारहाण होते, आणि एके रात्री तर तिला मुलासह दाराबाहेर काढले जाते. शेजारची म्हातारी मायेनेच म्हणते, "बाय, घरातलं घरात ठेव." दुसरी सांगते, अंगावर वळ असल्याखेरीज पोलीस ऐकत नाहीत, तिसरी सांगते, घर सासऱ्याच्या नावावर आहे, तेव्हा तुझा त्यात काय हक्क? चौथीचे म्हणणे असे की एकदा माहेरी गेलीस की सारे संपले. या चारही समजुती चुकीच्या आहेत. परंतु त्यांच्याच ओझ्याखाली कित्येक स्त्रियांची उमेदीची वर्षे निघून जातात.

याच मुंबईच्या उच्च न्यायालयात एक काळ असा होता की हुकूम निघत असे तो स्त्रीवर. बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा त्याने १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला खरा. परंतु फेरसुनावणीत न्यायमूर्ती फॅरन यांनी मार्च १८८७ मध्ये, नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद भोग, असा निकाल दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. त्या काळी कायद्याने स्त्रीला 'आत जा' म्हणून फर्मावले होते. आज त्याच शहरातील न्यायालय तिच्या अर्जावरून पुरुषाला 'बाहेर राहा' म्हणून फर्मावू शकते. या दोन हुकुमांमध्ये सव्वाशे वर्षांची वाटचाल आहे.

त्या वाटचालीत १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ दाखल झाले, आणि नवरा व त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. परंतु शिक्षा ही झालेल्या कृत्याची असते, आणि पीडित स्त्रीची निकड उद्याच्या रात्रीची असते: निवारा, संरक्षण, मुलांचा ताबा आणि पोटापुरता पैसा. ही उणीव भरून काढणारा 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तत्पूर्वीच्या सरकारी विधेयकात हिंसाचाराची व्याख्या करताना 'वारंवार' अशा अर्थाचा शब्द घातला होता, म्हणजे एकदोनदा झालेली मारहाण जणू क्षम्यच. स्त्री-संघटनांनी त्या शब्दास निकराचा विरोध केला आणि तो गळला. आजच्या कायद्यात एक कृत्यही पुरते. शिवाय हा कायदा धर्म विचारीत नाही. मढच्या हरबादेवीला नारळ वाहणारी कोळीण, एरंगळच्या संत बोनाव्हेंचर चर्चच्या जत्रेला जाणारी ईस्ट इंडियन स्त्री आणि मालवणीतील मुसलमान स्त्री, या तिघींना त्याचे दार सारखेच उघडे आहे.

आता या कायद्याखालचा मनाई हुकूम मिळण्यासाठी काय सिद्ध करावे लागते, ते क्रमाने पाहू. पहिली अट नात्याची. अर्जदार स्त्री आणि ज्याच्याविरुद्ध ती दाद मागते तो सामनेवाला, हे रक्ताच्या, विवाहाच्या, दत्तकाच्या वा विवाहसदृश सहजीवनाच्या नात्याने, किंवा एकत्र कुटुंबातील घटक म्हणून, एका घरात राहत असले पाहिजेत वा पूर्वी केव्हातरी राहिलेले असले पाहिजेत. म्हणून पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही दाद मागता येते. सामनेवाला प्रौढ पुरुषच असला पाहिजे, असा निर्बंध मूळ कायद्यात होता. मुंबईतील एका मायलेकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते शब्दच रद्द केले. त्यामुळे छळ करणाऱ्या सासू-नणंदेविरुद्धही आदेश मिळू शकतो. मात्र घराबाहेर पडण्याचा हुकूम कायद्याने कोणत्याही स्त्रीवर काढता येत नाही.

दुसरी अट सामायिक घराची. हे घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न येथे निर्णायक नाही. मढसारख्या गावठाणात घर बहुधा वाडवडिलांच्या नावावर असते, आणि 'तुझ्या नवऱ्याचं इथं काय आहे?' या एका वाक्याने सुनेला वाटेस लावले जाते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००६ सालचा निर्णय चुकीचा ठरवून स्पष्ट केले की, स्त्री जेथे कुटुंबासह स्थिरपणे राहत आली ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरीही सामायिक घर ठरू शकते. म्हणजे कायद्याचा मार्ग अनुसरल्याखेरीज तिला तेथून हुसकावता येत नाही. हा मालकीहक्क नव्हे, राहण्याचा हक्क आहे. परंतु ज्या रात्री दाराला आतून कडी घातली जाते, त्या रात्री राहण्याचा हक्क हाच सर्वांत मोठा असतो. माहेरी गेल्याने तो बुडतो हेही खरे नाही. अर्ज करताना ती त्या घरात राहत असलीच पाहिजे असे नाही, हे त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने निःसंदिग्ध केले आहे.

तिसरी अट कृत्याची. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शारीरिक, लैंगिक, वाचिक व मानसिक, आणि आर्थिक असे त्याचे चार प्रकार कायदा सांगतो. मूल होत नाही म्हणून टोमणे मारणे हा वाचिक छळ. कमाई हिसकावणे, घरखर्च बंद करणे, स्त्रीधन विकून टाकणे हा आर्थिक छळ. आपल्या त्या कोळिणीची पाटीवरची कमाई लुबाडली गेली, तेव्हाच, अंगावर एकही वळ उमटलेला नसताना, कायद्याच्या दृष्टीने हिंसाचार घडून चुकला होता.

चौथी अट पुराव्याची, आणि भीती असते ती हिचीच. येथे फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही. हिंसाचार घडला आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असे न्यायदंडाधिकाऱ्यांस प्रथमदर्शनी पटले पाहिजे. ते पटते तपशिलाने. 'नवरा नेहमी छळ करतो' हे वाक्य प्रतिज्ञापत्रात फारसे काम करीत नाही. 'नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री त्याने माझे डोके चुलीजवळच्या भिंतीवर आपटले, जाऊबाईंनी मला सोडविले, आणि सकाळी मी दवाखान्यातून चार टाके घालून घेतले', हे वाक्य काम करते. तारीख पंचांगावरून काढता येते, जाऊ साक्षीदार होऊ शकते, टाक्यांचा केसपेपर दवाखान्यात असतो. मोबाइलवरील धमकीचा संदेश न पुसता ठेवावा, जखमेचे छायाचित्र काढावे, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच सांभाळावी. यांपैकी काहीच नसेल, तरी तिचा सुसंगत जबाब हाच पुरावा आहे.

आता होडी कोठे लागते ते पाहू. अर्ज स्वतः स्त्री, तिच्या वतीने दुसरे कोणी, किंवा शासनाने नेमलेला संरक्षण अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकतो. संरक्षण अधिकाऱ्याने 'कौटुंबिक घटना अहवाल' भरून द्यावा अशी तजवीज आहे. परंतु तो नसल्यास अर्ज अडत नाही. मढ हे मालवणी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते आणि तेथील प्रकरणे सामान्यतः बोरिवलीच्या न्यायालयात चालतात. परंतु ती तात्पुरती जेथे राहते वा जेथे कामधंदा करते, तेथेही अर्ज चालतो. म्हणजे आपली कोळीण मूल कडेवर घेऊन फेरीने वर्सोव्याला माहेरी गेली, तर खाडीबरोबर तिचा हक्क वाहून जात नाही. ती अंधेरीच्या न्यायालयात दाद मागू शकते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर, उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षापासून अशा स्त्रीच्या पाठीशी उभे राहण्याची एक परंपराही या शहरात आहे. तातडीच्या प्रसंगी ११२, महिला मदतवाहिनी १८१, कायदेशीर साहाय्यासाठी १५१००, हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे खरे. म्हणूनच कलम २३ चे महत्त्व फार आहे. धोका तातडीचा असेल तर प्रतिज्ञापत्राच्या आधारे, सामनेवाल्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच, न्यायदंडाधिकारी एकतर्फी अंतरिम हुकूम देऊ शकतात. या अंतरिम हुकुमासाठीचा अर्ज मूळ अर्जासोबतच द्यावा.

हुकुमाने सामनेवाल्यास हिंसाचार करण्यास, तिच्या कामाच्या ठिकाणी वा मुलाच्या शाळेत जाण्यास, फोनने वा अन्य मार्गाने तिच्याशी संपर्क साधण्यास, बँकेतील लॉकर वा सामायिक मिळकतीची विल्हेवाट लावण्यास आणि तिला साहाय्य करणाऱ्या नातलगांस त्रास देण्यास मनाई करता येते. निवासाच्या आदेशाने पुरुषाला घराबाहेर काढता येते वा तिच्यासाठी पर्यायी घराचे भाडे द्यावयास लावता येते. शिवाय निर्वाह-खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाईही मागता येते. हुकुमाची प्रत तिला व पोलीस ठाण्याला विनामूल्य मिळते, आणि ती स्त्री स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करीपर्यंत संरक्षण आदेश अमलात राहतो. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो मोडल्याचे केवळ तिच्या साक्षीवरूनही न्यायालयास ठरविता येते.

परंतु पाठलाग करणारा घरचा नसेल तर? जेट्टीवर रोज वाट अडविणाऱ्या परक्या पुरुषाशी कौटुंबिक नाते नाही, म्हणून हा कायदा तेथे लागू होत नाही. त्याच्यासाठी २०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यानंतरही वारंवार मागे लागणे वा संपर्क साधणे, तसेच तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे, यांस पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत आणि नंतरच्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून एक स्पष्ट 'नाही', शक्य तर लेखी, देऊन जपून ठेवणे इष्ट. शांतताभंगाची भीती असेल तर पोलीस 'चॅप्टर केस' करून त्याच्याकडून वर्षभरापर्यंत शांतता राखण्याचा मुचलका घेण्याची कारवाई करू शकतात. आणि दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावण्याचा मार्गही आहे, मात्र तेथे सकृद्दर्शनी हक्क, सोयीचे पारडे आणि भरून न येणारी हानी, या तीन गोष्टी पटवाव्या लागतात.

न्यायालयाचा हुकूम म्हणजे एक कागद. तो स्वतः होऊन कोणाचा हात धरीत नाही. परंतु ज्या स्त्रीजवळ तो कागद आहे, तिच्या हाकेला पोलिसांनी धावलेच पाहिजे, आणि ज्याच्यावर तो बजावला आहे त्याला त्या घराच्या उंबरठ्याशी थबकावेच लागते. रखमाबाईंपाशी असा कागद नव्हता. त्यांच्यापाशी कैदेत जाण्याचे धैर्य होते. आजच्या स्त्रीकडून कायदा तेवढे मागत नाही. 'घरातलं घरात ठेव' म्हणणाऱ्या त्या म्हातारीलाही येथे एक काम आहे, कारण हिंसाचाराची खबर संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो, आणि ती सद्भावाने दिली असेल तर देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. तिने पुढल्या वेळी त्या मुलीचा हात धरून तिला जेट्टीपर्यंत पोहोचवावे. पलीकडला तीर फार दूर नाही.