दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका!



दुकानाचा हिशोब घरच्या सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: दोन डिस्क लावल्यात, एक गेली तरी दुसरी आहेच. त्यानंतर कित्येक महिने मी त्या डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक दिवस जुनं बिल शोधायला लॉगिन केलं, तर पूलसमोर लिहिलेलं: ‘डिग्रेडेड’. एक डिस्क कधीचीच बंद पडली होती. फाइली उघडत होत्या, बिलं निघत होती, म्हणून कुणाला पत्ताच नाही. म्हणजे इतके दिवस सगळा धंदा एकाच डिस्कवर लटकलेला!

आणि हा हिशोब हरवून चालत नाही. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक रिटर्न भरायच्या मुदतीपासून ७२ महिने तो जपावा लागतो.

मिरर नेमकं काय करतो?

मी ट्रूनॅस वापरतो, त्याच्या आत झेडएफएस आहे. मिररमध्ये एकच माहिती दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर जागा ८ नाही, साधारण ४ टीबीच मिळते. एक ४ ची आणि एक ६ ची लावली, तरी ४ च.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज, म्हणजे चेकसम, ठेवतं. वाचताना बेरीज जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करतं. पण हे होतं वाचताना. तीन वर्षं न उघडलेली बिलं कोण वाचणार? त्यासाठी ‘स्क्रब’ असतो. आपण दुकानात स्टॉक मोजतो ना, तसंच. सगळी माहिती वाचून तपासली जाते.

मी आता काय करतो?

१. महिन्यातून एकदा स्क्रब, तोही आपोआप. सोबत ईमेल अलर्ट. माझी चूक इथेच झाली होती. अलर्टमध्ये ईमेल भरलाच नव्हता. भरल्यावर टेस्ट मेल पाठवून बघा.

२. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहून बाहेरच्या बाजूला चिकटवा. बंद डिस्क बदलताना मी घाईत चांगलीच डिस्क काढणार होतो. नंबर बघितला म्हणून वाचलो.

३. डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्या. नवी डिस्क लावून ‘रिप्लेस’ दिलं की उरलेल्या डिस्कवरून माहिती तिच्यावर उतरते. याला रिसिल्व्हर म्हणतात. या काळात जुन्या डिस्कवर भरपूर ताण येतो. तीही गेली तर सगळंच गेलं.

४. एका डिस्कच्या पूलला दुसरी जोडून मिरर करायचा असेल, तर कमांड ‘झेडपूल अटॅच’. ‘झेडपूल अ‍ॅड’ नाही! अ‍ॅड केलं तर जागा वाढते, पण माहिती दोन डिस्कमध्ये वाटली जाते आणि एक डिस्क गेली की पूर्ण पूल जातो. एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

हे नीट लक्षात घ्या. काउंटरवरच्या पोराने चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. मिररला तुमची चूक आणि तुमचं काम यातला फरक कळत नाही. यासाठी रोजचा स्नॅपशॉट लावा, म्हणजे कालची स्थिती परत आणता येते. पण स्नॅपशॉटही त्याच डब्यात असतात. चोरी, आग, पावसाचं पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकदमच जाणार. म्हणून दर आठवड्याला एका बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायची आणि ती डिस्क दुसऱ्या जागी ठेवायची. माझी दुकानातल्या कपाटात असते. अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडूनही बघतो. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो. ती वही आता डिस्कवर गेलीय. पूजा वर्षातून एकदा ठीक आहे, पण पूलचा स्टेटस दर सोमवारी बघायचा. मिनिटभराचं काम आहे. आज दुकान वाढवून घरी गेलात की पहिलं तेच करा. ‘ऑनलाइन’ दिसलं तर उत्तम. ‘डिग्रेडेड’ दिसलं तर आधी बॅकअप, मग जेवण!